वाफेची नळी

माझ्या नोकरीची बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गच्चीवर आणि न्हाणीघरात गेली. माणसं ज्या खोलीत परक्याला फिरकू देत नाहीत, तिथे मी चपला काढून सरळ आत जायची, नळ सोडून पाण्याखाली हात धरायची आणि विचारायची, "सकाळी शेवटची आंघोळ कुणाची?" या एका प्रश्नावरून घरातलं सगळं राजकारण कळतं. शेवटची आंघोळ बहुधा सुनेची असते, पाणी गार येतं ते तिच्याच वाट्याला, पण तक्रारीचा फोन मात्र सासरे करतात.

आम्ही उन्हावर पाणी तापवणारे बंब विकायचो. बेंगळुरूत त्याला नुसतं 'सोलर' म्हणतात. मी मूळची मिरजेची. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका छोट्या कारखान्यात चिकटले. पदार्थविज्ञानाची पदवी होती, पण साहेबांनी मला घेतलं ते त्यासाठी नव्हे. न्हाणीघरातली अडचण बायका पुरुष फिटरला सांगत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. म्हणून मी 'ग्राहक सेवा अधिकारी' झाले. माझ्याबरोबर मुनियप्पा नावाचा फिटर असायचा. त्याला तीन भाषा येत होत्या आणि तो तिन्हींत गप्प राहायचा.

यंत्र अगदी साधं. गच्चीवर काचेखाली काळा पत्रा असतो, त्याला तांब्याच्या बारीक नळ्या जोडलेल्या असतात. ऊन लागलं की नळ्यांतलं पाणी तापतं, हलकं होतं आणि आपोआप वरच्या टाकीत चढतं, गार पाणी खाली येतं. पंप नाही, वीज नाही. टाकीला जाड गोधडीसारखं वेष्टण असतं, म्हणून दुपारचं पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत गरम राहतं. लोकांना हे सांगितलं की ते मान डोलवत आणि मग हळूच विचारत, "पण रात्री कसं चालतं?"

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर अख्खा दिवाळी अंक पुरायचा नाही. एका निवृत्त हेडमास्तरांनी ढगाळ हवेबद्दल आमच्या कंपनीला रीतसर नोटीस दिली होती. हेब्बाळच्या एका गृहस्थांनी, पाणी कमी पडू नये म्हणून टाकीत ढगाळ दिवसांपुरती दिलेली विजेची कॉइल वर्षभर चालूच ठेवली होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते गच्चीवर नेऊन आपलं सोलर कौतुकाने दाखवत होते. मी कॉइल बंद केली, तर माझ्यावरच रागावले. तेव्हा मला हसू यायचं, आता फारसं येत नाही.

साहेब भला माणूस. कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि 'कार्बन' हा शब्द घेऊन आले. तोपर्यंत आम्ही वीजबिलावर आणि सकाळच्या वीजकपातीवर माल खपवत होतो. त्यांनी ऑफिसात शहराचा मोठा नकाशा लावला आणि प्रत्येक सोलरमागे एक हिरवी टाचणी टोचायचं काम मला दिलं. प्रत्येक टाचणी म्हणजे एक गीझर बंद झाला, नाहीतर एक चूल विझली, तितका धूर आकाशात जायचा वाचला. टाचणी टोचताना मला खरोखर अभिमान वाटायचा, हे कबूल करते. चूल विझते तेव्हा तिच्यापुढे कोण बसलेलं असतं, हे त्या नकाशावर दिसत नसे.

आता तुळसाक्काचं सांगते. ती आज नाही, म्हणूनच लिहिते आहे. असती तर तिने लिहू दिलं नसतं.

मल्लेश्वरममधलं वसंतरावांचं घर इथल्या जुन्या मराठी घरांपैकी. पूर्वज तीनशे वर्षांमागे फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलत, पण दर वाक्यात दोन शब्द कानडी. वसंतराव बँकेत होते. तुळसाक्का त्यांची आत्या. लहान वयात विधवा होऊन माहेरी परत आली होती. भाऊ होता तोवर ती भावाची बहीण होती. भाऊ गेल्यावर ती भाच्याच्या घरातली म्हातारी झाली. सगळे तिला तुळसाक्काच म्हणत, वसंतरावांची मुलंसुद्धा.

तिचं घरातलं काम एकच, पाणी तापवणं. न्हाणीघरात विटांच्या चुलीवर तांब्याचा मोठा हंडा पक्का बसवलेला होता. पहाटे चारला उठून ती नारळाच्या करवंट्या, झावळ्या आणि लाकडं सारत बसायची, ती नऊ वाजेपर्यंत. कोणाला किती कढत लागतं हे तिला पाठ होतं. सगळ्यांची आंघोळ झाली की तिचा दिवस संपला. आणि ती सारखी खोकायची. भिंती काळ्या, आढं काळं, आणि तिच्या छातीत काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

मी तो धूर पाहिला आणि त्या घराच्या मागेच लागले. वसंतरावांना बँकेचं कर्ज सवलतीत मिळत होतं, त्यांची बायको सुमित्रा धुराला कंटाळली होती. अडत होतं ते तुळसाक्कापाशी. मी तिच्याजवळ पाटावर बसून तिला पटवलं. म्हटलं, "अक्का, आता तुम्ही पहाटे उठायचं नाही. सूर्य तुमचं काम करील."

ती म्हणाली, "मग मी काय करू?"

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, तुम्ही गच्ची सांभाळायची. काच पुसायची, ऊब राखायची. थोडीही ऊब वाया जाऊ द्यायची नाही, हे तुमचं काम. तिने चुलीतली राख जराशी सारखी केली आणि म्हणाली, "सरी, बरं. तुम्ही म्हणता तर करू की."

श्रावण संपता संपता सोलर बसलं. चूल फोडली, हंडा माळ्यावर गेला. मी ऑफिसात जाऊन टाचणी टोचली.

काम ताब्यात देताना आमच्याकडे एक पद्धत होती. गिऱ्हाइकाला गच्चीवर नेऊन चार गोष्टी दाखवायच्या आणि कागदावर सही घ्यायची. पहिली, गार पाण्याचा कॉक. दुसरी, विजेच्या कॉइलचं बटण. तिसरी, गाळ काढायचा नळ. चौथी, वाफेची नळी. ही नळी टाकीच्या डोक्यातून वर जाते आणि तिचं तोंड सदैव उघडं असतं. टाकी तिच्यातून श्वास घेते, असं आम्ही सांगायचो. पाणी फार तापलं तर वाफ तिच्यातून बाहेर पडते, आणि टाकी रिकामी व्हायला लागली तर हवा तिच्यातून आत येते. ती कधीही बंद करायची नाही.

त्या दिवशी मी तीन गोष्टी दाखवल्या. वसंतराव कामावर निघायच्या घाईत होते, ते वर आलेच नाहीत. वर आली ती तुळसाक्का, धापा टाकत, कठड्याला धरून. तिसरी गोष्ट दाखवून झाली, तेवढ्यात खालून सुमित्राने कॉफीला हाक मारली. मला पुढे आणखी दोन घरं होती. म्हटलं, नळीला कोण कशाला हात लावणार आहे? खाली आले, वसंतरावांनी चारही रकान्यांपुढे सही केली, मी कॉफी प्यायले आणि निघाले.

पुढे दोनदा त्या बाजूला गेले तेव्हा मुद्दाम डोकावले. तुळसाक्काने गच्ची खरंच ताब्यात घेतली होती. जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्याने दिवसातून दोनदा काच पुसायची, कावळे हाकलायची, संध्याकाळी गरम पाण्याच्या नळीवर हात ठेवून घरात वर्दी द्यायची की आज चांगलं तापलंय. खोकला निम्मा झाला होता. सुमित्रा म्हणाली, दिवसभर वरच असते. मला फार बरं वाटलं, आणि मी ते साहेबांना सांगितलं. साहेबांनी ते कुठल्याशा भाषणातही वापरलं.

मग दिवाळी आली. इकडे बेंगळुरूत नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी पाणी भरायचा सण असतो. कानडीत नीर तुंबो हब्ब म्हणतात. न्हाणीघर धुवायचं, हंडा चिंचेने घासून लखलखीत करायचा, चुन्याचे पट्टे ओढायचे, गळ्यात वेल बांधायचा, हळदकुंकू वाहायचं आणि पाणी भरून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्याने अभ्यंगस्नान. त्या घरात ही पूजा तुळसाक्का करायची.

नरकचतुर्दशीला सकाळी आठच्या सुमारास माझ्या घरी फोन आला. वसंतराव होते. पाहुण्यांनी घर भरलं आहे, सगळे तेल लावून बसले आहेत, गरम पाणी बंद झालंय आणि गच्चीवरून काहीतरी मोठा आवाज आला, असं म्हणाले. मी उटणं लावलेल्या अंगानेच साडी गुंडाळली आणि रिक्षा केली. मुनियप्पा स्कूटरवरून माझ्याआधी पोचला होता.

टाकीचं पोट आत गेलं होतं. हाताने डबा चेपावा तशी चेपून, एका अंगाला कलंडलेली. जोड निखळून पाणी वाहून गेलं होतं. मुनियप्पाने बोट वर केलं.

वाफेच्या नळीच्या तोंडात लाकडी बूच ठोकलेलं होतं. बुचाभोवती हंडीच्या झाकणाला लावतात तशी कणीक थापलेली होती आणि उन्हाने ती दगडासारखी वाळली होती. खाली नळीला वेल गुंडाळलेला, झेंडूची माळ, आणि टाकीवर चुन्याचे पट्टे, हळदकुंकू. हंडा माळ्यावर होता, म्हणून तिने सण इथे केला होता.

काय झालं ते मला बघताक्षणी कळलं. मल्लेश्वरमला तेव्हा एक दिवसाआड पाणी यायचं. पाहुण्यांमुळे वरची गार पाण्याची टाकी संपली. खाली नळ चालू, गरम टाकीतलं पाणी चाललंय, वरून गार पाणी येत नाही आणि हवा आत यायला वाट नाही. मग टाकी स्वतःलाच आत ओढून घेते. शाळेत प्रयोग दाखवतात तोच.

तोवर घरातले सगळे वर जमले होते, तेलकट अंगाची मुलं, पंचे गुंडाळलेले पाहुणे. तुळसाक्का जिन्याच्या तोंडाशी उभी होती. वसंतरावांनी विचारल्यावर तिने सरळ सांगितलं. पाऊस सरल्यापासून ऊन कडक पडत होतं. दुपारी त्या नळीतून वाफ जाताना तिला दिसली. रोज एवढी ऊब वाया जाते, आणि ती राखणं तर आपलं काम. म्हणून सणाच्या आधी तिने शिडी लावून ते तोंड बंद केलं. खोकणारी, सत्तरीला टेकलेली बाई, शिडीवर चढून.

वसंतराव माझ्याकडे वळले. "मेडम, तुम्ही हिला सांगितलं होतं ना, नळीला हात लावायचा नाही म्हणून? कागदावर तर आहे."

मी बोलणार होते. आजवर मी स्वतःला हेच सांगत आले आहे की मी बोलणार होते. पण तुळसाक्काने माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा कसा झाला असेल ते तिला दिसलंच असणार, कारण ती माझ्याकडे पाहतच म्हणाली, "सांगितलं होतं की. मीच विसरले."

आमच्या फॉर्मवर दोन चौकोन असायचे. मालातला दोष, किंवा वापरातली चूक. मी दुसऱ्या चौकोनात खूण केली. मुनियप्पाने खाली वाकून हत्यारं गोळा केली. काम ताब्यात दिलं त्या दिवशीही तो माझ्यासोबत होता, आणि मी किती गोष्टी दाखवल्या होत्या ते त्याला ठाऊक होतं. परत येताना तो म्हणाला, "मेडम, त्या अम्माला तुम्ही नळी दाखवली नव्हती." एवढंच. पुन्हा कधी त्याने तो विषय काढला नाही.

साहेबांना मी अहवाल दिला. त्यांना हायसं वाटलं. टाकीत दोष निघाला असता तर बसवलेल्या सगळ्याच टाक्यांवर बालंट आलं असतं.

पंधरा दिवसांनी नवी टाकी बसवायचं बोलायला मी गेले, तर वसंतराव म्हणाले की आता सोलर नको, गीझर घेतला. तुळसाक्का दिसली नाही. मी विचारलं. वसंतराव जरा घुटमळले. वाईट माणूस नव्हता तो.

"तिला आता आठवण राहत नाही, मेडम. स्वतःच म्हणाली ना, सगळ्यांसमोर? उद्या गॅस उघडा ठेवला, गीझरचं काही केलं, तर घरात लहान मुलं आहेत. कोलारच्या पुढे तिच्या दिराचा मुलगा असतो. तिकडे सोडून आलो."

तेव्हा पुन्हा संधी होती. एक वाक्य पुरलं असतं, की ती काही विसरली नव्हती, मीच सांगितलं नव्हतं. मी त्या सोफ्यावर बसून होते, हातात कॉफीचा पेला होता, आणि मला माझी नोकरी दिसत होती. शिवाय सही खोटी घेतली हे कळलं तर साहेब काय म्हणतील, तेही. मी कॉफी संपवली आणि उठले.

नकाशावरची मल्लेश्वरमची ती टाचणी मी काढली नाही. तिथे आता गीझर होता आणि कोलारच्या पुढे कुठेतरी चूल पेटली होती, म्हणजे आमच्या हिशेबाने सगळं उलटंच झालं होतं. पण टाचणी काढायची तर साहेब कारण विचारणार. पाहुणे आले की ते अभिमानाने नकाशा दाखवायचे, आणि मी शेजारी उभी असायची. हिरव्या ठिपक्यांनी शहर भरत चाललं होतं. त्यातले बहुतेक खरेच होते, हेही सांगायला हवं. ते काम खोटं नव्हतं.

संक्रांत झाल्यावर एका रविवारी मी कोलारची बस पकडली. पुढे दुसरी बस, मग निलगिरीच्या झाडांमधून पायी. बरोबर एक कागद नेला होता. चारही गोष्टी मराठीत, माझ्या हाताने, मोठ्या अक्षरात लिहिलेल्या. कशासाठी नेला होता कोण जाणे, तिथे सोलर कुठलं असणार? रिकाम्या हाताने जाववलं नाही एवढंच.

तुळसाक्का मागच्या अंगणात चुलीपुढे होती. तीन दगड, वर पातेलं, निलगिरीचा पाला आणि फांद्या. त्याचा धूर डोळ्यांना फार झोंबतो. तिने मला ओळखलं, नावाने हाक मारली, माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं. काही विसरली नव्हती. बोलता बोलता खोकत होती, पूर्वीपेक्षा खोल.

मी सांगून टाकलं. म्हटलं, अक्का, नळीचं मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. चूक माझी होती. मी वसंतरावांना सांगते, ते तुम्हाला न्यायला येतील.

ती फांद्या मोडत होती. तिने वर पाहिलं नाही. "मला ठाऊक आहे की, बाई. तुमची नोकरी होती. माझं काय होतं?" मग म्हणाली, "तिकडं आता बटण दाबलं की पाणी येतं म्हणे. तिथं येऊन मी काय करू?"

हाच प्रश्न तिने मला पहिल्या दिवशी पाटावर बसून विचारला होता, आणि मी हसले होते. मी कागद पर्समध्येच राहू दिला. वसंतरावांना मी पुढे सांगितलं, पण ते पुढल्या हिवाळ्यात, ती गेल्यावर. ते म्हणाले, झालं ते झालं, आणि मला बसायला सांगितलं.

त्या दुपारी मात्र ती उठून म्हणाली, एवढ्या लांबून आलात, धुळीने भरला आहात, आंघोळ करूनच जा. मी नको नको म्हणत राहिले. तिने ऐकलं नाही. मोठं पातेलं भरलं, जाळ वाढवला, तिच्या त्या जुन्या सराईत हातांनी. पाणी तापायला लागलं, कडेने वाफ निघाली. तिने वर पितळी ताट झाकलं आणि भोवतीने ओलं फडकं गुंडाळायला घेतलं. गाठ मारता मारता तिचा हात थांबला आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

"बाई, इथं बंद केलं तर चालतं ना?"

"चालतं, अक्का," मी म्हणाले. मग तिने फडकं आवळून बांधलं, आणि चुलीत आणखी एक फांदी सारली.